वेणी, अंबाडा आणि नव्याचा सण

कर्जतचा वीकेंड म्हणजे फक्त धबधबा आणि फार्महाऊस? छे! भाताच्या मुलखात, नानकटाईच्या भट्टीत भाजलेल्या एका गोड पावाची ही गोष्ट. आणि हो, त्याच्याच शेजारी ढवळल्या गेलेल्या हलव्याचीही...

‘या वीकेंडला कर्जतला चाललेय,’ असं ऑफिसात जाहीर करून बघा. लगेच उत्तरं तयार असतात. ‘कुठलं फार्महाऊस?’, ‘स्विमिंग पूल आहे ना?’, ‘येताना वडे आण!’ कर्जतची आपल्या डोक्यातली यादी इथे संपते. खालापूरचं तर त्याहून वाईट. एक्स्प्रेसवेवरचा टोलनाका आणि फूड मॉल, यापलीकडे खालापूर नावाचा एक अख्खा तालुका आहे, त्यात नद्या आहेत, भातशेती आहे, अष्टविनायकांपैकी महडचा वरदविनायक आहे, हे आपल्या गावीही नसतं. पाय मोकळे करायचे, कॉफी घ्यायची आणि सुसाट पुण्याकडे!

पण मंडळी, पावसाळा संपता संपता या भागात एक वेगळाच वीकेंड करता येतो. त्यात पूल नाही, डीजे नाही. मैदा आहे, मनुका आहेत, मध आहे आणि वेणी घालण्याची थोडी प्रॅक्टिस. २०२५ च्या सप्टेंबरात माझ्या एका मैत्रिणीमुळे तो माझ्या वाट्याला आला. ती ठाण्याची, आडनावाच्या शेवटी ‘कर’, बोलणं अस्सल मराठी, डब्यात बिरडं. आणि धर्म? ज्यू. रायगडातल्या बेने इस्राएल समाजाची ती लेक. तिची मावशी कर्जतला राहते. काकांची नोकरी रेल्वेतली, म्हणून घर इथे झालं. काका गेले, मुलं परदेशी गेली, मावशी राहिली. तिच्याकडे त्यांचं नवं वर्ष साजरं होणार होतं आणि मैत्रिणीनं ठरवलं होतं, की यंदा ‘हाल्ला’ घरीच करायचा.

हाल्ला! (हल्ला नव्हे, बरं का. आणि हलवाही नव्हे. त्याच्याकडे नंतर येऊ.)

वेणी घातलेला पाव

हाल्ला म्हणजे ज्यू लोकांचा सणाचा पाव. अंड्यामुळे पिवळसर, किंचित गोड, वरून चकचकीत तपकिरी आणि दिसायला थेट वेणी. पिठाच्या तीन, चार किंवा सहा लांब वळ्या करायच्या आणि एकमेकींत गुंफायच्या. शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी टेबलावर असे दोन पाव कापडाखाली झाकून ठेवतात. दोनच का? तर वाळवंटातल्या भटकंतीत आकाशातून रोज पडणारा ‘मान्ना’ शुक्रवारी दुप्पट मिळायचा, अशी कथा आहे. त्याची ही आठवण.

नव्या वर्षाला मात्र हीच वेणी गोल होते. लांब वेणी घालायची, ती स्वतःभोवती गुंडाळायची आणि टोक खाली दडपून टाकायचं. वर्ष फिरून पुन्हा तिथेच येतं, म्हणून गोल. पिठात मनुका आणि मध जास्त, कारण येणारं वर्ष गोड जावं. एरवी पावाचा तुकडा मिठाला लावून खातात, या सणाला मधात बुडवून. मैत्रिणीनं मला हे सगळं समजावलं आणि मी म्हटलं, ‘म्हणजे एरवी वेणी आणि सणाला अंबाडा!’ तेव्हापासून आमच्यात त्याचं नाव अंबाडाच पडलं.

वेणीच्या पावाची ही हौस एकट्या ज्यूंची नाही. स्वित्झर्लंडमध्ये रविवारच्या न्याहारीला ‘त्सोप्फ’ असतो, त्या शब्दाचा अर्थच मुळी वेणी. चेक लोक नाताळाला ‘वानोच्का’ करतात. ग्रीक लोक ईस्टरला ‘त्सुरेकी’ करतात आणि त्याच्या वेणीत लाल रंगवलेलं अंडं खोचतात. युरोपात गहू पिकतो, थंडी असते, घरोघरी किंवा गावोगावी ओव्हन असतो. सण आला की रोजच्याच पिठात अंडी, साखर, सुका मेवा घालायचा आणि त्याला नटवायचं.

पण आपल्याकडे?

भाताच्या मुलखात पाव कुठून?

शनिवारी मावशीच्या घरात चूल बंद. शब्बाथ! स्वयंपाक शुक्रवारी सूर्य मावळायच्या आतच उरकलेला. त्यामुळे मी एकटीच बाहेर पडले आणि कर्जतहून खोपोलीची लोकल पकडली. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. नावंच किती छान आहेत ना! एका बाजूला बोरघाटाची भिंत, डोंगरावर अडकलेले ढग आणि दुतर्फा भातखाचरं. भात निसवायला लागलं होतं. हळव्या जातीच्या शेतांत तर लोंब्या वाकायलाही लागल्या होत्या. हा भाग भाताचा म्हणजे किती भाताचा? कर्जतला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्रच आहे. ‘कर्जत ३’, ‘कर्जत १८४’ ही गाड्यांची नव्हे, तर तांदळाच्या वाणांची नावं आहेत.

खोपोलीहून पेणला जाणारा रस्ता धरला की खालापूर तालुका मागे पडतो आणि तासाभरात पेण येतं. बेने इस्राएलांचा मुलूख इथून सुरू होतो. पेणचं सिनेगॉग बेथ हाएलोहिम १८६३ चं. पनवेलचं बेथ एल १८४९ चं. अलिबागचं मागेन अबोथ १८४८ चं, तिथल्या गल्लीचं नावच इस्राएल आळी. परंपरा सांगते, की दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी एक जहाज फुटलं. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांचा वंश पुढे गावोगाव पसरला. ते तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. जिथे राहिले त्या गावाला ‘कर’ जोडून आडनावं झाली. पेणकर, नवगावकर, दिवेकर, किहीमकर. ‘गोलमाल’, ‘बातों बातों में’ वगैरे सिनेमांतले आपले लाडके डेव्हिड आठवतात? त्यांचं आडनाव चेऊलकर. म्हणजे चौलचे!

आता मजा बघा. शतकानुशतकं हे लोक इतर ज्यूंपासून तुटलेले होते. गहू न पिकणाऱ्या, ओव्हन नसलेल्या कोकणात त्यांना वेणीचा पाव कोण शिकवणार? आणि मुळात जगातल्या बाकीच्या ज्यूंकडेही ही वेणी सुरुवातीपासून नव्हतीच. ती आली मध्य युरोपातून. पंधराव्या शतकाच्या सुमारास ऑस्ट्रिया-जर्मनीकडचे ज्यू शब्बाथसाठी वेणीचा पाव करायला लागले आणि तिथून ती पुढे सगळीकडे गेली. ‘हाल्ला’ हा शब्द मात्र फार जुना, थेट तोरामधला. त्याचा अर्थ पाव नव्हे, तर मळलेल्या पिठातून देवासाठी बाजूला काढायचा गोळा.

कोकणातल्या बेने इस्राएलांनी काय केलं? जे हाताशी होतं त्यात नियम पाळले. शब्बाथच्या प्रार्थनेला पाव नाही, तर भाकरी-चपाती. द्राक्षाची वाइन नाही, तर काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेलं सरबत. मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही, तर रश्शाला आणि गोडाला नारळाचं दूध. आणि सणांची नावं? ती वाचून तर तुम्ही प्रेमातच पडाल. नवं वर्ष, जगभर ज्याला ‘रोश हशाना’ म्हणतात, तो ‘नव्याचा सण’. दिवसभर दार लावून उपास करायचा योम किप्पूर म्हणजे ‘दरफळणीचा सण’ आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. पुरीम म्हणजे ‘होळीचा सण’. जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाबद्दल उपास करतात तो ‘बिरड्याचा रोजा’, कारण तो बिरडं खाऊन सोडायचा. आणि नव्याच्या सणानंतर चारच दिवसांत ‘खिरीचा सण’. खिडकीबाहेर हळवं भात पिकत आलेलं बघितल्यावर, या दिवसांत खीर का, हे वेगळं समजवावं लागत नाही.

पंचांगाची गंमतही ऐका. ज्यूंचे महिने चांद्रच आणि आपल्या अधिक महिन्यासारखा त्यांनाही १९ वर्षांत ७ वेळा जादा महिना घालावा लागतो. त्यामुळे नव्याचा सण बरेचदा घटस्थापनेच्या आगेमागे येतो. २०२४ मध्ये तो २ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सुरू झाला आणि ३ तारखेला घट बसले. २०२५ मध्ये तर दोन्ही एकाच दिवशी, २२ सप्टेंबरला. आणि आम्ही पीठ मळायला बसलो तो आदला दिवस, रविवार, २१ सप्टेंबर. म्हणजे सर्वपित्री अमावास्या!

‘तीन पेडी घालू की चार?’

रविवारी सकाळी मावशीच्या ओट्यावर दोन किलो मैदा. ठाण्याच्या नातेवाइकांनाही एकेक पाव द्यायचा होता. मैत्रिणीच्या मोबाइलवर कुठल्या तरी परदेशी बाईचा व्हिडिओ सुरू होता आणि ती बाई सहा वळ्यांची वेणी घालत होती. मैत्रीण तीनदा बघून तीनदा अडकली.

मावशी स्टुलावर बसून नारळ खवत होती. पाच मिनिटं गप्प राहिली, मग म्हणाली, ‘अगं, शाळेत जाताना तुझ्या किती पेडी घालायचे मी?’

‘चार.’

‘मग? पीठ काय वेगळं आहे? फोन मिटव आधी.’

आणि ओले हात पुसून तिनं चार वळ्यांची वेणी अशी सर्रकन घातली, की आम्ही बघतच राहिलो. आयुष्यात कधी हाल्ला न केलेली बाई! पण दोन मुली आणि तीन भाच्या मोठ्या केलेली. वेणी सैल घालायची, हे तिनंच सांगितलं. ‘केसांची घट्ट हवी, नाहीतर संध्याकाळपर्यंत सुटते. हिची सैलच हवी. फुगणार आहे ती, तिला जागा नको?’ नंतर त्या वेणीचा गोल अंबाडा करून टोक खाली. झालं!

त्याआधी दोन गोष्टी घडल्या, त्या सांगायलाच हव्यात. पहिली अंड्यांची. मावशीनं प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडलं, नीट बघितलं आणि मगच पिठात घातलं. बलकात रक्ताचा ठिपका दिसला, तर ते अंडं बाद. रक्त वर्ज्य, हा त्यांचा नियम. गावठी अंड्यांत एक निघालंच तसं. दुसरी गोष्ट पाण्याची. व्हिडिओतली बाई कोमट पाणी घालत होती. मावशीकडे हलव्यासाठी नारळाचं पहिलं दूध काढून झालं होतं आणि चोथ्यात पाणी घालून काढलेलं पातळ दुसरं दूध पातेल्यात तसंच होतं. ‘हे घाला,’ ती म्हणाली. मैत्रीण बिचकली. रेसिपीत नव्हतं ना! पण गाईचं दूध आणि लोणी तर चालणार नव्हतंच, कारण सणाच्या जेवणाला मटण असणार. नारळाचं दूध कशाही बरोबर चालतं. पीठ असं मऊसूत झालं म्हणता! आणि सप्टेंबरातल्या त्या दमट, कोंदट हवेत तासाभरात फुगून दुप्पट.

पीठ फुगल्यावर मावशीनं लिंबाएवढा गोळा तोडला, डोळे मिटून हिब्रूत दोन ओळी पुटपुटली आणि तो फॉइलमध्ये गुंडाळून बाजूला ठेवला. हाच खरा हाल्ला. जेरुसलेमचं मंदिर होतं तेव्हा हा वाटा तिथल्या पुजाऱ्यांना जायचा. आता तो खात नाहीत, जाळून टाकतात. त्याच वेळी शेजारच्या घरात सर्वपित्रीचं पान वाढून गच्चीवर ठेवलं जात होतं आणि ‘काव काव’ अशी हाक ऐकू येत होती. आपल्या वाट्याचं खाण्याआधी कुणाचा तरी वाटा बाजूला काढायचा. एका भिंतीच्या दोन बाजूंना, एकाच दुपारी.

भट्टीवर

चार मोठे पाव मावशीच्या छोट्या ओव्हनमध्ये मावणार नव्हते. मग? आपल्याकडे याचं उत्तर फार जुनं आहे. दिवाळीच्या आधी रवा, मैदा, पिठीसाखर, तूप डब्यात भरून बेकरीत न्यायचं आणि नानकटाई भाजून आणायची! आम्हीही तेच केलं. गावातल्या एका भट्टीत सकाळचा पाव निघून गेला होता. लाकडांचा जाळ खाली बसला होता. पावाला कडक आच लागते, नानकटाईला आणि आमच्या गोड अंबाड्याला उतरती.

भट्टीवाल्या चाचांनी चारही ट्रे बघितले आणि हसले. ‘ये तो पूरी चोटी है, ताई!’ मग त्यांनी मूठभर मैदा भट्टीच्या लादीवर फेकला. तो काळा पडला असता तर थांबावं लागलं असतं. हळूहळू बदामी झाला, तेव्हा मान हलवून ट्रे आत सरकवायला घेतले. मैत्रिणीनं तेवढ्यात विचारलं, ‘एक लाकूड मी टाकू?’ इस्रायलमधल्या मावसबहिणीनं तिला सांगितलं होतं, की दुसऱ्याच्या भट्टीत पाव भाजायचा, तर निदान एक ढलपी आपल्या हातानं विस्तवात टाकावी, म्हणजे भाजण्यात आपलाही हात लागतो. चाचांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. ‘डालो ना,’ म्हणाले आणि बाजूला झाले.

अर्ध्या तासानं जो वास सुटला... काय सांगू! भाजलेल्या मनुका, मध आणि मागून हळूच येणारा नारळ. भट्टीच्या जाळाकडचा एक पाव जरा जास्तच रापला होता, बाकीचे तीन अगदी तेल लावून चोपून घातलेल्या अंबाड्यासारखे. चाचांनी मजुरी घेतली, पण रापलेल्या पावाचा तुकडा मागून घेतला. चावून म्हणाले, ‘अगले साल इलायची डालना.’

हाल्ला की हलवा?

आणि आता खरा मुद्दा. हे सगळं होत असताना घरात एक वाद धुमसत होता.

नव्याच्या सणाला बेने इस्राएल घरात पाव नव्हे, हलवा लागतो. गव्हाच्या चिकाचा. कुरडईसाठी आपण गहू तीन दिवस भिजवतो, वाटतो, गाळतो, तोच चीक. त्यात नारळाचं घट्ट दूध आणि साखर घालून जाड बुडाच्या पातेल्यात ढवळत बसायचं. दीड तास, दोन तास, कडा सुटेपर्यंत. मग वेलची, जायफळ, थोडा गुलाबी रंग, ताटात थापून वर बदाम-पिस्ते आणि वड्या. मावशीनं मंगळवारी गहू भिजत घातले होते आणि शुक्रवारी दुपारी, शब्बाथ लागायच्या आत, चीक काढून ठेवला होता. हल्ली बरेच जण कॉर्नफ्लोअर किंवा चायना ग्रास वापरून अर्ध्या तासात उरकतात. मावशीला ते मान्य नाही.

मैत्रिणीचं म्हणणं वेगळं. लहानपणापासून शाळेत, कॉलेजात, ऑफिसात तिला एकच प्रश्न. ‘ज्यू म्हणजे नक्की काय?’ आणि इंटरनेटवर ज्यू म्हणून जे जे दिसतं, त्यात शुक्रवारच्या टेबलावर वेणीचा पाव असतोच. तो आपल्या घरी कधीच का नाही? तिला तो हवा होता. कुणी विचारलं, तर दाखवायला काहीतरी हवं होतं.

‘दाखवायला?’ मावशी उखडलीच. ‘आमच्या माणसांनी तिकडे जाऊन काय काय दाखवलं, माहितेय?’ तिचा रोख कशावर होता, ते मला नंतर कळलं. १९४८ नंतर हजारो बेने इस्राएल इस्रायलला गेले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठानं त्यांच्या लग्नांच्या बाबतीत त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली. आंदोलनं झाली, लोक रस्त्यावर आले आणि १९६४ मध्ये तिथल्या सरकारनं ते इतरांइतकेच ज्यू असल्याचं स्पष्ट केलं. दोन हजार वर्षं शनिवार पाळून पुन्हा पुरावा मागितला जातो, तेव्हा कसं वाटत असेल? तिच्या थोरल्या भावानं ते दिवस तिथे काढले होते.

आज भारतात हा समाज काही हजारांवर आलाय. सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा पुरुष लागतात. छोट्या गावांत तेवढे जमवताना मुंबई-ठाण्याहून माणसं बोलवावी लागतात. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, पण दर्जा मिळाल्यानं दहावा माणूस थोडाच येतो? आणि मावशीही आता चालली आहे. लेक अश्दोदला असते. युद्धाच्या बातम्यांमुळे दोनदा पुढे ढकललेलं जाणं आता बहुतेक ठरलंय. कर्जतच्या घरातला हा शेवटचा नव्याचा सण असू शकतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि दिवसभर कुणीही ते बोललं नव्हतं.

शेवटी मावशीच बोलली, पातेल्यात उलथनं फिरवत. ‘पाव काय गं, अश्दोदला कोपऱ्यावर मिळतो. माझी लेक दर शुक्रवारी आणते. ती फोनवर मागते काय? हलवा. तिला तो जमत नाही. आणि इथे तुम्हाला हवा पाव. मी गेल्यावर इथे हलवा कोण ढवळणार?’

मैत्रिणीनं मोबाइल काढला. रेकॉर्ड करते म्हणाली.

‘तो ठेव बाजूला. हे धर.’

आणि उलथनं तिच्या हातात दिलं. पुढचे दोन तास आम्ही दोघींनी आळीपाळीनं ढवळलं. मनगटं भरून आली. चीक आधी पेजेसारखा, मग खळीसारखा, मग अचानक जड, चकचकीत, आणि एका क्षणी पातेल्याच्या कडा सोडून गोळा उलथन्याबरोबर फिरायला लागला. ‘आता!’ मावशी म्हणाली. तो ‘आता’ कुठल्याही व्हिडिओत सापडणार नाही. हाताला किती जड लागतं, त्यावरच तो कळतो.

मला विचाराल, तर हाल्ला की हलवा हा प्रश्नच मला पटत नाही. वेणीचा पाव बेने इस्राएलांकडे उशिरा आला, म्हणून तो उसना ठरत नाही. युरोपातल्या ज्यूंनीही तो कधीतरी आजूबाजूचं बघूनच घेतला असणार. आणि हलवा कोकणातल्या नारळाचा, म्हणून तो कमी ज्यू होत नाही. दुधाऐवजी नारळ घेतला, तोच मुळी नियम पाळण्यासाठी. पण दोघांत एक मोठा फरक आहे. पाव जगभर लाखो हातांना येतो, तो कुठेही जाणार नाही. हा हलवा फार थोड्या हातांत उरलाय. म्हणून हौसेनं पाव करावा, जरूर करावा, पण उलथनं आधी धरावं. मैत्रिणीनं ठरवलंय, दर वर्षी दोन्ही. पावात नारळाचं दुसरं दूध, हलव्यात पहिलं. एकाच नारळाची दोन पोरं!

तुमच्या घरातही असा एखादा पदार्थ असेलच. आजीचे अनरसे, आत्याचं सांदण, कुणाच्या तरी हातची कुरडई. व्हिडिओ नंतर काढा. आधी शेजारी बसा.

अंबाडा करून बघायचाय?

एका मोठ्या पावासाठी : मैदा ५०० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट २ छोटे चमचे, मीठ दीड छोटा चमचा, मध किंवा साखर ७५ ग्रॅम, वास न येणारं तेल ७५ मिली, अंडी २ (आणि वरून लावायला १), नारळाचं पातळ दूध कोमट करून १५० ते १७५ मिली, मनुका मूठभर.

कृती : मनुका सोडून सगळं एकत्र करून दहा-बारा मिनिटं चांगलं मळा. पीठ मऊ हवं, पण हाताला चिकटत राहायला नको. शेवटी मनुका घाला. झाकून दुप्पट होईपर्यंत ठेवा. आपल्या हवेत तास-दीड तास पुरतो. चार सारख्या, लांब वळ्या करून सैलसर वेणी घाला (तीन पेडीही चालेल, कुणी नावं ठेवणार नाही), गोल गुंडाळून टोक खाली दडपा. पाऊण तास पुन्हा फुगू द्या. फेटलेलं अंडं ब्रशनं लावा आणि १८० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं भाजा. वरून लवकर रंग आला, तर फॉइलनं झाका. बुडाला टकटक केल्यावर पोकळ आवाज आला की झालाच. चाचांचा सल्ला मानून वेलचीही घाला!

कसं जाल, कधी जाल?

मुंबईहून कर्जत लोकलनं साधारण दोन तास. खोपोलीला जायचं, तर तिथून पुढची लोकल. खोपोलीहून पेण रस्त्यानं तासाभराचं. सिनेगॉग बघायचं असेल, तर आधी विचारून जा. शनिवारी आणि सणाच्या दिवशी कॅमेरा बॅगेतच राहू द्या. २०२६ चा नव्याचा सण ११ सप्टेंबरच्या संध्याकाळी, म्हणजे नेमका शुक्रवारी, शब्बाथ लागतानाच. आणि १४ तारखेला गणपती! त्यामुळे भट्टीवर नंबर लावायचा असेल, तर जरा लवकरच लावा.